शेऱ्याचा रकाना

वाचनालयाच्या काउंटरला सुतळीनं बांधलेली एक मागणी-वही असते. पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेले, पानांना हाताच्या घामाचा आणि शिक्क्याच्या शाईचा मिळून येणारा वास. तारीख, सभासद क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक आणि शेवटी अरुंदसा शेरा, असे पट्टीनं आखलेले रकाने. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी अशाच एका वहीत, ऐन श्रावणातल्या तारखेपुढे, निळ्या बॉलपेननं केलेली एक नोंद आहे. पुस्तकाच्या नावाच्या रकान्यात ती सुरू होते, लेखक आणि प्रकाशक हे दोन्ही रकाने ओलांडते आणि शेऱ्याच्या रेघेशी थांबते : "धारप वाचून झाले. मतकरी पण झाले. भीतीचं नवीन कुणाचं असेल तर आणा." तिच्या वरच्या आणि खालच्या नोंदींपुढे लाल शाईत 'आले', 'मागवले', 'आवृत्ती संपली' असे शेरे आहेत. हिच्यापुढचा रकाना कोरा आहे.

तो कोरा रकाना मनातून जात नाही.

आळसानं राहून गेला असं वाटत नाही. ज्या मागणीला पुस्तकाचं नावच नाही ती विक्रेत्याला कळवायची कशी, हा खरा अडसर. वहीची आखणीच अशा माणसासाठी आहे, ज्याला आपल्याला काय हवं ते आधीपासून ठाऊक असतं. पहिली कादंबरी लिहिणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं, म्हणून तो या वहीत कधी शिरतच नाही. त्यातून ती भयकादंबरी असली की वाट आणखी अरुंद होते, कारण पुरवण्यांमधून तिच्यावर फारसं कुणी लिहीत नाही. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा पुरस्कार आहे, पण तो सगळ्या प्रकारच्या कादंबऱ्यांतून निवडायचा. अमेरिकेत भयलेखकांची संघटना १९८७ सालच्या पुस्तकांपासून ब्रॅम स्टोकर पुरस्कार देते आणि त्यात पहिल्या कादंबरीचा विभाग वेगळा ठेवते. तिथल्या ग्रंथपालाच्या हाती दरवर्षी निदान नामांकनांची यादी तरी पडते. आपल्याकडे ती यादी गावोगावच्या ग्रंथपालांनी आणि त्यांच्या दोन-चार विश्वासू वाचकांनी स्वतःच बनवायची असते. हे काम नीट केलं तर होतं. पुस्तक उघडून न बघता केलं तर मात्र पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे नव्या नावावरचा वाचकाचा विश्वास जातो.

भीतीच्या पुस्तकांचं कपाट वाचनालयात लांबूनही ओळखू येतं. तिथली निम्मी पुस्तकं मूळ मुखपृष्ठ गमावून बसलेली असतात. बाइंडरनं तपकिरी कापडाचा कणा चढवून त्यावर पांढऱ्या शाईनं नाव घातलेलं असतं. कडा इतक्यांदा कापल्या गेलेल्या की मजकूर काठाशी आलेला. समासात पेन्सिलीनं 'हे पान रात्री वाचू नये' अशी सूचना, तिच्याखाली वेगळ्या हस्ताक्षरात 'बरोबर'. नारायण धारप २००८ मध्ये गेले, रत्नाकर मतकरी २०२० मध्ये. कपाट अजून त्यांच्याच जोरावर फिरतं. 'तुंबाड' हा चित्रपट २०१८ मध्ये आला आणि २०२४ मध्ये पुन्हा पडद्यावर लागला. त्याचं नाव पेंडशांच्या कादंबरीवरून आणि त्याच्या मुळाशी धारपांची एक कथा. असा चित्रपट बघून तरुण मुलं वाचनालयात येतात, पण त्यांनाही काउंटरवरून मिळतात ती आधीच झिजलेली पुस्तकं. त्याचं वाईट वाटत नाही, ती पुस्तकं त्या झिजेला पात्र आहेत. वाईट याचं वाटतं की त्याच आठवड्यात आलेली एखादी नवी कादंबरी कोऱ्या तारीख-चिठ्ठीसह मागच्या रांगेत उभी असते.

ती मागच्या रांगेत का जाते? पुष्कळ वाचनालयांत आजही कपाटं बंद असतात. वाचक काउंटरवर नाव सांगतो, आतून पुस्तक येतं. "काका, भुताचं काही नवीन आलंय?" "धारप देऊ?" "झाले सगळे." "मग मतकरी बघ." संभाषण इथे संपतं, कारण काकांनाही तिसरं नाव पटकन सुचत नाही. मुक्तद्वार पद्धतीत निदान हात फिरवता येतो, कणे चाळता येतात, पाठचा मजकूर वाचता येतो. तिथेही दशांश वर्गीकरणानं मराठी कादंबऱ्या सगळ्या ८९१.४६३ या एका आकड्याखाली आणि मग लेखकाच्या आडनावाप्रमाणे लागलेल्या. नव्या लेखकाची भयकादंबरी एका कौटुंबिक आणि एका ऐतिहासिक कादंबरीच्या मध्ये चेपून बसते. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी तिसरं सूत्र, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे सगळ्यात जास्त गरजेचं असतं ते याच पुस्तकाला.

वाचनालयात पहिली कादंबरी येते कशी, हेही बघायला हवं. कधी लेखक स्वतः पिशवीतून दोन प्रती घेऊन येतो, पहिल्या पानावर 'सप्रेम भेट' लिहून देतो. ती देणगीच्या नोंदवहीत चढते आणि खरेदीच्या पुस्तकांना लागणारं कव्हर, तारीख-चिठ्ठी, कपाटातली जागा यातलं काही तिला लवकर मिळत नाही. कधी विक्रेत्याच्या गठ्ठ्यातून येते. भरघोस सवलतीचा गठ्ठा घेतला की त्यात मुखपृष्ठावर कवटी असलेली तीन-चार पुस्तकं निघतात, ती कुणीही निवडलेली नसतात. शासनमान्य ग्रंथांच्या यादीतून यायची तर पुस्तक निघून बराच काळ गेलेला असतो. पाठीवर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आहे म्हणजे पुस्तक कुठल्या तरी चाळणीतून गेलं असेल, असाही एक समज आहे. भारतात तो क्रमांक मोफत मिळतो आणि स्वतःच्या खर्चानं छापणाऱ्यालाही मिळतो. क्रमांक आहे म्हणजे पुस्तकाची नोंद झाली, एवढंच त्यावरून कळतं. म्हणून नव्या भयकादंबरीच्या बाबतीत वाचून घेण्याला पर्याय नाही. निवड समितीत मुखपृष्ठ फिरवून सह्या करायची रीत असेल तर या एका प्रकारापुरती तरी ती मोडावी.

वाचायचं कुणी? तीन जणांनी. एक असा, ज्यानं भीतीचं कपाट पालथं घातलंय. जुनी कल्पना नव्या कपड्यात आली तर तो लगेच ओळखतो. दुसरा या प्रकाराकडे न फिरकणारा. त्याला माणसं आणि भाषा तेवढी दिसतात. तिसरा पंचविशीच्या आतला. तिघांनी एकमेकांशी न बोलता अर्धा-अर्धा पान टिपण लिहावं. पहिली पन्नास पानं सगळ्यांनी वाचायची, पण निर्णय तेवढ्यावर घ्यायचा नाही. पहिली पन्नास पानं नवा लेखक वर्षानुवर्षं घासतो. जुना वाडा, पावसाची रात्र, बंद खोली, सगळं तिथे चकाकत असतं. खरी परीक्षा मधल्या पानांची. मराठीत भीती मुख्यतः कथेतून वाढली. दिवाळी अंकांनी, विशेषतः 'नवल'सारख्या अंकांनी ती जोपासली. त्यामुळे पहिल्या कादंबरीमागे पुष्कळदा एक चांगली कथा दडलेली असते, चाळीस पानांत बसणारी, पण दोनशे वीस पानांवर ताणलेली. ताण दिसतो तो साधारण नव्वद ते दीडशे या पानांत. तिथे तेच पात्र तिसऱ्यांदा तोच आवाज ऐकतं, तिसऱ्यांदा दिवा लावून बघतं, आणि तिसऱ्यांदा काही नसतं. भीतीला पुनरावृत्ती चालते, मात्र दर वेळी काहीतरी एक गोष्ट हलायला हवी. पहिल्यांदा आवाज माळ्यावर, दुसऱ्यांदा जिन्यात, तिसऱ्यांदा आवाज नाहीच पण पाळण्याची कडी हलतेय. हे ज्याला जमलंय तो पुढेही लिहील असं खुशाल समजावं.

दुसरी जागा म्हणजे उलगडा. तीन-चतुर्थांश पुस्तक झालं की एक मांत्रिक, निवृत्त प्राध्यापक किंवा गावातली म्हातारी येते आणि सलग दहा-बारा पानं सगळं समजावून सांगते. वाड्यात कोण मेलं, शाप कुणी दिला, उतारा काय. हा पहिलटकर लेखकाचा सगळ्यात सार्वत्रिक दोष, आणि कारण समजण्यासारखं आहे : त्यानं मेहनतीनं इतिहास रचलेला असतो आणि तो वाया जाईल अशी त्याला धास्ती वाटते. अशी पानं असली म्हणून पुस्तक लगेच नाकारू नये. फक्त तेवढी पानं मिटून पुढचं वाचून बघावं. शेवट तरीही कळत असेल आणि तरीही बोचत असेल, तर दोष पोटात घालण्याइतका आहे. मोबाइलचंही असंच. प्रत्येक संकटात 'रेंज गेली' असं येत असेल तर लेखकानं आजच्या काळातली भीती शोधायचा प्रयत्नच केलेला नाही. उलट मध्यरात्री घरच्या ग्रुपवर मेलेल्या मामाच्या नंबरवरून 'पोचलो' एवढाच मेसेज येतो, असं काही कुणी रचलं असेल तर त्यानं फोन हातातून काढून न घेता घाबरवलंय. अशा लेखकासाठी तीनशे रुपये खर्चायला हरकत नाही.

आणि भुतं. यावर थोडं थांबावंसं वाटतं, कारण आपल्याकडच्या नव्या लेखकांची सगळ्यात मोठी श्रीमंती आणि सगळ्यात मोठी चूक एकाच ठिकाणी आहे. आपली भुतं गावाची, पाण्याची, झाडाची, मरणाच्या तऱ्हेची असतात. मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. हडळ बाळंतपणात गेलेल्या बाईची. गिऱ्हा पाण्याकाठचा. चकवा अंगावर येत नाही, तो फक्त वाट फिरवतो, माणूस रात्रभर एकाच शेताला प्रदक्षिणा घालत राहतो. देशावरच्या विहिरीवर साती आसरा असतात, त्यांना भूत म्हटलेलं तिथल्या आजीला चालणार नाही. नवा लेखक इंटरनेटवरच्या यादीतून नावं उचलतो आणि हडळीला पिंपळावर बसवतो, मुंजाला विहिरीत टाकतो. शहरातल्या वाचकाला फरक पडत नाही असं वाटतं, पण पडतो; भीती विश्वासाच्या तपशिलावर उभी असते, तपशील पोकळ असला की सांगाडा वाजतो. सगळ्यात ठळक उदाहरण वेताळाचं. वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा हा गावाचा राखणकर्ता देव आहे. त्याला केळीचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फेऱ्या घालतो आणि त्याच्या चपला झिजतात. गोव्यात आमोण्याला वेताळाचं देऊळ आहे. त्या भागातल्या वाचनालयात वेताळाला रक्तपिपासू सैतान करणारी कादंबरी ठेवली, तर वाचक घाबरत नाही, तो दुखावतो. पण एखाद्या नव्या लेखकानं राखणदारालाच भीतीचं केंद्र केलं असेल, म्हणजे तो कुणाला राखतो आणि कुणाला राखायचं थांबवतो असा प्रश्न विचारला असेल, तर ते पुस्तक सिंधुदुर्गातल्या प्रत्येक वाचनालयात असायला हवं. त्या झिजलेल्या चपलांमध्ये कुणीतरी लिहून काढावी अशी मोठी कादंबरी आहे.

याच वाटेवर एक जड प्रश्न उभा असतो. सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, जीवही घेतले गेले आहेत. कादंबरीत गावाबाहेर राहणारी एकटी बाई, विधवा किंवा आदिवासी म्हातारी ही शेवटी खरोखरच चेटकीण निघत असेल, आणि गावानं तिला जाळल्यावर सगळं शांत होत असेल, तर ते पुस्तक कितीही घट्ट विणलेलं असो, माझं मत विरोधात जाईल. ते भीती कुणाकडून घेतं आणि कुणावर टाकतं, हे बघायलाच हवं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये आला, डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला होता; आपल्या वाचनालयांच्या कार्यकारिणीत अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम केलेली माणसं असतात आणि ती विचारतात, की आपण हे का घ्यायचं? प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळू नये. उत्तर पुस्तकातच सापडतं. प्रस्तावना आणि मनोगत आधी वाचा. 'सत्य घटनेवर आधारित' असा दावा, खाली उताऱ्याची कृती, कुणा महाराजांचे आभार असं असेल तर ते कादंबरीच्या वेषातलं दुसरंच काही आहे, त्याला बाहेरची वाट दाखवावी. कल्पित म्हणून लिहिलेली भीती मात्र वाचकाला दिवा लावायला लावते आणि पुस्तक मिटलं की मिटते. या दोहोंतली रेघ नेहमी स्वच्छ नसते. धारपांच्या कपाटासमोर उभं राहूनही कधी कधी ती पुसट वाटते.

हल्लीच्या पहिल्या कादंबऱ्यांची आणखी एक खूण : त्यांतल्या बऱ्याच आधी फोनवर वाचल्या गेलेल्या असतात. प्रतिलिपीसारख्या मंचावर भाग टाकत टाकत लिहायचं, वाचकांचे अभिप्राय घेत पुढे जायचं, आणि नव्वद भाग झाले की छापायचं. यात लेखकाला वाचक मिळतो, लिहिण्याची शिस्त मिळते, ही मोठी गोष्ट. पण भाग रोज वाचणाऱ्यासाठी लिहिलेला मजकूर सलग वाचताना ठेचकाळतो. दर पाच पानांनी किंकाळी, दर पाच पानांनी कालच्या भागाची उजळणी, आणि अभिप्रायांत लाडक्या झालेल्या पात्राचं मरण पुढे ढकललेलं. छापताना कुणीतरी या उजळण्या काढल्यात की नाही हे दोन प्रकरणांचे सांधे तपासले की दहा मिनिटांत कळतं. काढल्या असतील तर त्या पुस्तकाला संपादक लाभलाय. श्राव्य माध्यमासाठी लिहिलेल्या मजकुराची गोष्ट वेगळी. तिथे वर्णन कमी, आवाज जास्त, आणि कानाला भिडणारी वाक्यं डोळ्याला कधी कधी उघडी वाटतात. तरीही पावसाचे पाच प्रकार आवाजावरून वेगळे करणारा लेखक बहुधा तिथूनच येतो.

मग पुस्तक हातात घेऊन बघायचं, वस्तू म्हणून. नव्या लेखकाची आवृत्ती तीनशे-पाचशेची, कधी मागणीप्रमाणे छापलेली. बांधणी बहुतेकदा नुसत्या डिंकाची. पुस्तक मधोमध उघडून सपाट टेबलावर हलकेच दाबावं. कण्यात करकर झाली आणि डिंकाची रेघ दिसली तर ते पंधरा-वीस वाचकांपलीकडे तगणार नाही, आणि भीतीच्या पुस्तकातली सुटणारी पानं नेहमी शेवटची असतात. अशी प्रत घ्यायचीच असेल तर कपाटात लावण्याआधीच शिलाई मारून घ्यावी, त्यासाठी आतल्या समासाला निदान दोन सेंटिमीटर जागा आहे ना ते बघावं. टंक बारा पॉइंटच्या खाली असेल तर वाचनालयाचे निम्मे नियमित सभासद ते परत करतील, कारण ते साठीच्या पुढचे आहेत. काळ्या पानावर पांढरी अक्षरं, रक्ताचे ओघळ छापलेली प्रकरणांची शीर्षकं, हे हौशी सजावटीचे प्रकार ट्यूबलाइटखाली वाचताच येत नाहीत. कोकणात आणखी एक : गुळगुळीत लॅमिनेशनचं मुखपृष्ठ पावसाळ्यात बाहेरच्या बाजूला वळतं आणि आत बुरशी धरतं. ब्राऊन पेपरचं कव्हर घालून ठेवलं तर वाचतं, मात्र मग मुखपृष्ठ झाकलं जातं आणि नव्या लेखकाकडे दाखवायला तेवढंच असतं. पारदर्शक प्लॅस्टिकचं सैल कव्हर, दर महिन्याला काढून पुसलेलं, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

१ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये 'फ्रँकेन्स्टाइन'ची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा तिच्याही ५०० च प्रती होत्या, तीन भागांत, आणि पुस्तकावर लेखिकेचं नाव नव्हतं. मेरी शेली तेव्हा वीस वर्षांची होती. तीन भागांची ती पद्धत वर्गणी घेऊन एकेक भाग घरी देणाऱ्या तिथल्या वाचनालयांना सोयीची होती. नाव नसलेली, पहिलीच, पाचशे प्रतींची भयकादंबरी कुणीतरी काउंटरवरून उचलून कुणाच्या तरी हातात दिली असणार, हे मनात आलं की आपल्या बंद कपाटांकडे वेगळ्या नजरेनं बघावंसं वाटतं.

घेतल्यानंतरचं काम घेण्याइतकंच आहे. वर्षाला शंभर पुस्तकं विकत घेणाऱ्या वाचनालयानं त्यांतली चार पहिल्या भयकादंबऱ्यांसाठी ठेवावीत. दहा ठेवली तर वाचून निवडणं होत नाही, एक ठेवलं तर सगळा भार त्या एकावर येतो. प्रत एकच घ्यावी. पहिले दोन महिने 'नवी पुस्तके'च्या मांडणीत, कणा नव्हे तर मुखपृष्ठ दिसेल असं, आणि आत तिघांच्या टिपणांतून काढलेली चार ओळींची चिठ्ठी : भीती कशाची आहे (जागेची, माणसाची, की स्वतःच्या मनाची), वेग कसा आहे, धारप आवडणाऱ्याला रुचेल की मतकरी आवडणाऱ्याला. हा शेवटचा प्रश्न वाचक लगेच ओळखतात. धारपांच्या वाचकाला दुष्ट शक्ती खरी हवी असते आणि तिच्याशी झुंजणारा माणूस हवा असतो. मतकरींची गूढकथा आवडणाऱ्याला आपल्याच घरातल्या आपल्याच माणसाची भीती हवी असते आणि शेवटच्या ओळीतला धक्का. दुसऱ्या गटातल्याला पहिल्या प्रकारची नवी कादंबरी दिली की तो ती तिसऱ्या दिवशी परत आणतो आणि म्हणतो, "ठीक आहे." त्या 'ठीक आहे'नं नव्या लेखकाचं फार नुकसान होतं. चिठ्ठीत आणखी एक ओळ आवश्यक : लहान मुलाचा मृत्यू, आत्महत्या, लैंगिक अत्याचार यांतलं काही आत असेल तर ते स्पष्ट लिहावं. त्यानं रहस्य फुटत नाही. नुकतंच घरातलं कुणी गेलेली बाई ते पुस्तक न नेता दुसरं नेईल, एवढंच होतं. पंधरा दिवसांसाठी आपण कुणाच्या तरी उशाशी भीती ठेवतो. ती कुणाच्या उशाशी जातेय याकडे लक्ष हवं.

दोन महिन्यांनंतर पुस्तक भय-गूढच्या कपाटात जावं. स्वतंत्र कपाट करावं की नाही यावर ग्रंथपालांत मतं आहेत, कारण वेगळं काढलं की एरवी गंभीर कादंबऱ्या वाचणारा तिकडे वळत नाही. मला तरी कण्यावर एक रंगीत पट्टी चिकटवून पुस्तक मूळ आडनावाच्या जागी ठेवणं पटत नाही. नव्या नावाला शेजार लागतो, आणि धारपांच्या शेजारी उभं राहिल्यानं त्याचं भलंच होतं. तारीख-चिठ्ठीवर नजर ठेवावी. पंधरा दिवसांच्या मुदतीनं सहा महिन्यांत एक प्रत जास्तीत जास्त बारा वेळा बाहेर जाऊ शकते. पाच-सहा शिक्के पडले तर पुस्तक आपल्या पायावर उभं राहिलं. तिघांनी रांग लावली तर दुसरी प्रत लगेच मागवावी, आवृत्ती संपायच्या आत. एक-दोनच शिक्के असतील तर चिठ्ठी बदलून बघावी. तीन वर्षं हललं नाही म्हणून निर्लेखनाच्या, म्हणजे काढून टाकायच्या पुस्तकांच्या, यादीत घालण्याआधी मात्र थांबावं. १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक प्रकाशकानं कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात, पण स्वतःच्या खर्चानं छापणाऱ्या कितीतरी लेखकांना तो कायदा माहीतच नसतो. अशा पुस्तकाची तुमच्या कपाटातली प्रत ही कदाचित जिल्ह्यातली एकमेव सार्वजनिक प्रत असेल. दहा वर्षांनी तोच लेखक मोठा झाला तर त्याची पहिली कादंबरी कुठे मिळेल, असं विचारत कुणीतरी येईल.

त्या वहीतल्या श्रावणातल्या नोंदीपुढे अजूनही काही लिहिता येण्यासारखं आहे. सभासद क्रमांक आहे, म्हणजे माणूस सापडेल. लाल शाईत, अरुंद रकान्यात बसेल इतक्या बारीक अक्षरात : 'आले. दाखल क्रमांक आत पाहा. नवीन लेखक, पहिलंच पुस्तक. मतकरी आवडत असतील तर घ्या. पहिली चाळीस पानं सावकाश जातात, सोडू नका. विहिरीचं प्रकरण दिवसा वाचा.'

आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर नवी, पांढरी तारीख-चिठ्ठी, खळ अजून ओली.